पाकिटावरचे शंभर ग्रॅम आणि ताटातले शंभर ग्रॅम



आजचा भाग मटण-चिकन खाणाऱ्यांसाठी आहे. शाकाहारी मंडळी हा भाग सोडून पुढे गेली तरी मी रागावणार नाही. पण ज्यांच्या घरी रविवारी सकाळी मटणाची पिशवी येते, आणि ज्यांना डॉक्टरांनी ‘वजन उतरवा’ किंवा ‘प्रोटीन वाढवा’ असं बजावलं आहे, त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावं. थोडे आकडे येणार आहेत. गुणाकार-भागाकारापलीकडे काही नाही.

आकड्यांच्या आधी माझी एक चूक सांगतो, कारण हा सगळा भाग त्या चुकीतून निघाला आहे.

नव्याने ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, मी फौजेत आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये होतो. पलटणींना रेशन, इंधन पोचवणारी ही शाखा. आटा, डाळ, तेल, मटण, अंडी यांचे हिशोब करण्यात माझी हयात गेली. नोकरीची शेवटची वर्षं इथे कोलकात्यात, फोर्ट विल्यममध्ये ईस्टर्न कमांडच्या मुख्यालयात गेली. मुलीने बंगाली नवरा केला, नातवंडं इथली झाली, म्हणून निवृत्तीनंतर आम्हीही इथेच राहिलो. शेजारी मला गमतीने ‘बर्गी’ म्हणतात. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचे बारगीर इथे येऊन जो धुमाकूळ घालून गेले, त्याची आठवण बंगाल्याने अजून जपून ठेवली आहे. असो.

दोन वर्षांपूर्वी आमची ही न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, ‘वजन ५४ किलो आहे, दिवसाला निदान ६५ ग्रॅम प्रोटीन पोटात गेलं पाहिजे, नाहीतर पायात ताकद येणार नाही.’ हे माझ्या हातचं काम होतं. मी रजिस्टर आखलं. तारीख, पदार्थ, वजन, प्रोटीन, कॅलरी. स्वयंपाकघरात काटा आणला. दुपारी चिकनची वाटी काट्यावर ठेवायची, वाटीचं वजन वजा करायचं, दीडशे ग्रॅम भरलं की तिच्यापुढे ठेवायची. मोबाइलवर बघितलं तर शिजलेल्या चिकनच्या शंभर ग्रॅममध्ये ३१ ग्रॅम प्रोटीन. दीडशेचे झाले ४६. दूध, डाळ, भात-पोळीचे मिळून २२. एकूण ६८. उद्दिष्ट पूर्ण. रोज संध्याकाळी मी सही करायचो, खोटं नाही सांगत.

सात आठवड्यांनी तिचं वजन तीन किलोंनी उतरलं होतं. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी जोर लावल्याशिवाय उठता येईना. आणि मी काय केलं? तिलाच बोललो. ‘तू व्यायाम नीट करत नाहीस. खाण्यात काही कमी नाही, रजिस्टर बघ.’ ती बिचारी गप्प बसली. ते आठवलं की आजही मला बरं वाटत नाही.

मग मुलीने एका आहारतज्ज्ञ मुलीला घरी बोलावलं. बंगाली मुलगी, तिशीचीही नसेल. मला ‘काकू’ म्हणते. बंगालीत काकू म्हणजे काका. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमची ही दुखणं विसरून हसली होती. तर त्या मुलीने माझं रजिस्टर चाळलं, अक्षराचं कौतुक केलं, आणि एकच प्रश्न विचारला. ‘काकू, हे दीडशे ग्रॅम कशाचे?’

मी म्हणालो, ‘चिकनचे.’

ती म्हणाली, ‘उद्या वाटीतला रस्सा वेगळा काढा, हाडं वेगळी काढा, आणि मग वजन करा.’

दुसऱ्या दिवशी केलं. रस्सा ४८ ग्रॅम. हाडं ३२ ग्रॅम. दाताखाली येणारं मांस ७० ग्रॅम. आणि तो ३१चा आकडाही आमच्या चिकनचा नव्हता. तो छातीच्या, बिनहाडाच्या, बिनकातडीच्या, भाजलेल्या तुकड्याचा. रश्श्यासाठी आणलेल्या तुकड्यांत मांडी, पंख, पाठ सगळं येतं. तिथे साधारण २६ धरावेत. म्हणजे ७० ग्रॅममध्ये १८. मी लिहीत होतो ४६, तिच्या पोटात जात होते १८. दिवसाची बेरीज ६८ नव्हे, ४०.

लेहच्या डेपोत असताना आमचा एक हवालदार नव्या अधिकाऱ्यांना हमखास विचारायचा, ‘साब, हड्डी का हिसाब कौन देगा?’ फौजेत हाडासकट मटण आणि बिनहाडाचं मटण हे दोन वेगळे हिशोब असतात, एकाच्या जागी दुसरं मोजून चालत नाही. हे मी दुसऱ्यांना शिकवलं होतं. घरच्या वाटीत मात्र विसरलो.

आता पाकिटाकडे वळू.

कोलकात्यात पाकिटातलं मांस घेणारे पूर्वी थोडे होते. इथला माणूस थैली घेऊन बाजारात जाणार, गरियाहाट असो की लेक मार्केट, कसायापुढे उभा राहून ‘रान दे, सीना दे, चरबी कमी’ असं सांगत घेणार. एप्रिल २०१८मध्ये बजबजच्या कचराडेपोतून मेलेल्या जनावरांचं मांस उचलून विकण्याचं प्रकरण उघडकीला आलं. इथे ते ‘भागाड’ प्रकरण म्हणून ओळखतात. त्यानंतर माझ्या ओळखीतली कितीतरी घरं पाकिटाकडे वळली. राज्य सरकारचा हरिणघाटा मीट हा ब्रँड आहेच, खासगीही बरेच आहेत. पाकीट आलं तसा पाठीमागचा छापील तक्ताही घरात आला, आणि लोक तो वाचायला लागले. हजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात गणपतीत भेटलेल्या एका गृहस्थांनी तर खिशातून कापलेलं वेष्टणच काढून दाखवलं होतं.

त्या तक्त्याचे नियम एफएसएसएआयने २०२०च्या लेबलिंग नियमावलीत घालून दिले आहेत. त्यात ऊर्जा, प्रोटीन, कर्बोदकं, त्यातली साखर, एकूण चरबी, त्यातली संपृक्त चरबी, ट्रान्स फॅट, कोलेस्टेरॉल आणि सोडियम हे रकाने येतात. आकडे शंभर ग्रॅमचे असतात. शेजारी आणखी एक रकाना टक्केवारीचा असतो. एका वाढप्यात, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या एका वेळच्या खाण्यात, दिवसाच्या गरजेचा किती भाग भागतो ते तिथे दिसतं. ही दिवसाची गरज सरसकट २००० कॅलरी, ६७ ग्रॅम चरबी, २२ ग्रॅम संपृक्त चरबी, २००० मिलिग्रॅम सोडियम अशी धरलेली आहे. माझी-तुमची गरज तेवढीच असेल असं मुळीच नाही. आमच्या हिची १५००च्या आसपास आहे.

एकाच जिन्नसाच्या, काही प्रक्रिया न केलेल्या कच्च्या मालावर हा तक्ता छापायची सक्ती नाही. म्हणून साध्या कच्च्या मटणाच्या पाकिटावर तो कधी असतो, कधी नसतो. सॉसेज, नगेट, कबाब, मसाला लावून ठेवलेलं चिकन, यांवर असायलाच हवा.

तक्त्यात ‘केकॅल’ असं लिहिलेलं दिसेल. ती किलोकॅलरी. आपण बोलताना जिला कॅलरी म्हणतो ती हीच, तेव्हा हजाराने गुणायच्या भानगडीत पडू नका. पण किलोज्यूल दिसलं तर सावध व्हा. एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल. परदेशातून आलेल्या डब्यांवर दोन्ही आकडे असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे जे मोठे तक्ते काढले, ५२८ पदार्थांचे, त्यातही ऊर्जा किलोज्यूलमध्येच दिली आहे. ते तक्ते फार मोलाचे आहेत, माझ्या टेबलावर असतात. पण पहिल्यांदा उघडले तेव्हा चिकनचा आकडा बघून मी दचकलो होतो.

या कॅलरी मोजल्या कशा जातात? प्रत्येक पाकीट कुणी जाळून बघत नाही. अमेरिकेतल्या मिडलटाउन गावच्या वेस्लियन विद्यापीठात विल्बर ॲटवॉटर नावाचे प्राध्यापक होते. १८९०च्या दशकात त्यांनी माणसाला बंद खोलीत ठेवून तो काय खातो, किती उष्णता बाहेर टाकतो, शरीराबाहेर काय जातं, हे सगळं मोजलं. त्यातून निघालेले सरासरी आकडे आजही जगभर चालतात. प्रोटीनच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी, कर्बोदकांच्या ग्रॅमला ४, चरबीच्या ग्रॅमला ९. भट्टीत जाळलं तर प्रोटीनमधून साडेपाचच्या वर निघतात. पण शरीर प्रोटीन पूर्ण जाळू शकत नाही, नायट्रोजनचा भाग लघवीवाटे युरिया होऊन जातो, काही पचतच नाही. म्हणून हिशोबात ४.

ही ४-४-९ची त्रिसूत्री पाठ करा, कारण तिने पाकिटाची उलटतपासणी घेता येते. माझ्या फ्रिजमधल्या एका सॉसेजच्या पाकिटावर शंभर ग्रॅमला प्रोटीन १४, कर्बोदकं ५, चरबी १८ आहे. चौदा चोक ५६, पाच चोक २०, अठरा नव्वे १६२. बेरीज २३८. पाकिटावर २४० आहे, म्हणजे ठीक. आता त्यातल्या १६२ कुठून आल्या बघा. नाव चिकन सॉसेज, पण दोन तृतीयांशाहून जास्त कॅलरी चरबीच्या.

आणि ती पाच ग्रॅम कर्बोदकं? कलेजीत थोडी असतात तेवढी सोडली तर मांसात कर्बोदकं जवळजवळ नसतातच. तेव्हा मांसाच्या पाकिटावर कर्बोदकांचा आकडा दिसला की समजायचं, आत मांसाशिवाय आणखी काही आहे. स्टार्च, मैदा, ब्रेडचा चुरा, सोया. नगेटवर हा आकडा पंधरा-वीसपर्यंत जातो. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, ती वाचली की उलगडा होतो. हे खाऊ नका असं मी म्हणत नाही. माझी नातवंडं नगेटशिवाय माझ्याकडे येत नाहीत. फक्त वहीत ‘चिकन’ म्हणून लिहू नका.

सोडियमचा रकाना रक्तदाबवाल्यांनी आधी वाचावा. सोडियमच्या मिलिग्रॅमला अडीचने गुणलं की मिठाचे मिलिग्रॅम मिळतात. सातशे मिलिग्रॅम सोडियम म्हणजे पावणेदोन ग्रॅम मीठ. दिवसाच्या २००० मिलिग्रॅममधले सातशे चार सॉसेजांत गेले. वर पुन्हा पाकिटावरचं एक वाढप बहुतेक वेळा दोनच सॉसेजचं असतं, म्हणून टक्केवारी बिचारी छोटी दिसते.

आता मुख्य मुद्दा, कच्चं आणि शिजलेलं. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात चिकनची छाती, कातडी आणि हाड काढलेली, कच्ची असेल तर शंभर ग्रॅमला १२० कॅलरी आणि साडेबावीस ग्रॅम प्रोटीन. तीच भाजलेली असेल तर १६५ कॅलरी आणि ३१ ग्रॅम प्रोटीन. आमच्या सोसायटीतल्या एका सद्गृहस्थांनी यावरून निष्कर्ष काढला की चिकन भाजल्याने कॅलरी वाढतात, म्हणून ते उकडून खायला लागले. कॅलरी वाढत नाहीत हो. पाणी जातं. शंभर ग्रॅम कच्चं चिकन शिजून त्र्याहत्तरच्या आसपास उरतं. त्या १२० कॅलरी आता त्र्याहत्तर ग्रॅममध्ये दाटून बसल्या. त्र्याहत्तरला १२० तर शंभरला किती? त्रैराशिक मांडा, १६४ येतात.

कच्च्या पाकिटावरचा आकडा कच्च्या वजनाचा असतो. तो घेऊन शिजलेल्या तुकड्याला लावलात तर कॅलरी आणि प्रोटीन दोन्ही कमी लिहिली जातात. उलट शिजलेल्याचा आकडा घेऊन कच्च्या वजनाला लावलात तर जास्त लिहिली जातात. जो आकडा वापराल, त्याच अवस्थेतलं वजन घ्या. एवढं पाळलं तरी अर्धं काम झालं. गोठवलेलं पाकीट असेल तर वितळल्यावर पाणी ओतून देऊन मग वजन करा. बर्फाचं वजन मांसात धरू नका.

हाडाचं तसंच. पोषणाचे तक्ते खाण्याजोग्या भागाचे असतात. पाकिटावर निव्वळ वजन ५०० ग्रॅम म्हणजे हाडासकट ५००, आणि तक्त्यातले शंभर ग्रॅम म्हणजे बहुतेक वेळा नुसत्या मांसाचे शंभर. एकाच कागदावर दोन वेगळी शंभर ग्रॅमं. मी आमच्याकडे येणाऱ्या बकऱ्याच्या मटणाचं वजन चार रविवार करून बघितलं. अर्धा किलो हाडासकट आणलं, जेवण झाल्यावर चोखलेली हाडं धुऊन काट्यावर ठेवली (मुलगी म्हणाली, बाबा आता फारच झालं). सरासरी १३० ग्रॅम हाडं निघाली. म्हणजे कच्चं मांस ३७०, आणि शिजून ते उरलं २६०च्या आसपास. अर्ध्या किलोचे २६० ग्रॅम. नळ्या जास्त आल्या तर आणखी कमी, रान असेल तर थोडं जास्त. तुमच्या कसायाचं तुम्ही एकदा करून बघा, मग दर वेळी हाडं मोजायला नकोत.

चिकनच्या बाबतीत हाडाइतकीच कातडी बघा. कच्च्या चिकनच्या शंभर ग्रॅमला कातडीसकट २१५ कॅलरी, कातडी काढली की ११९. आपल्याकडे दुकानदार बहुधा कातडी काढूनच देतो, पण परदेशातल्या आपल्या मुलाबाळांकडे पाकिटात ती असते.

आता ‘मटण’ या शब्दाचा घोळ. हा मला सगळ्यात उशिरा कळला. आपण मटण म्हणतो ते बहुतेक ठिकाणी बकऱ्याचं. पुण्याकडे काही घरांत बोल्हाईचं, म्हणजे मेंढीचं, चालतं आणि बकऱ्याचं चालत नाही, तो भाग वेगळा. इंग्रजी जगात मात्र मटण म्हणजे मेंढीच. मोबाइलच्या ॲपमध्ये तुम्ही मटण लिहिलंत की ते तुम्हाला बहुधा मेंढीचा आकडा काढून देणार. त्याच अमेरिकी तक्त्यात बकऱ्याच्या कच्च्या मांसाला शंभर ग्रॅममागे १०९ कॅलरी आहेत, चरबी सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. चरबीसकट कोकराच्या मांसाला मात्र २८०च्या घरात. अडीचपट! तेव्हा ॲपमध्ये बकऱ्याचं म्हणून शोधा. आणि एवढं करूनही लक्षात ठेवा की तो १०९चा आकडा चरबी नसलेल्या मांसाचा आहे. इथे कोलकात्यात लोक कोवळं ‘कोची पांठा’ मागतात किंवा खच्ची केलेल्या बोकडाचं ‘खाशी’ मागतात. खाशीत चरबी जास्त धरते, आणि तिच्यासाठीच तर लोक रांग लावतात. तुकड्याला पांढरी चरबी लटकत असेल तर १०९ विसरा.

हे सगळं समजल्यावर मी माझ्याही वहीकडे वळलो. मी तेव्हा ८४ किलोचा होतो, दिवसाला १८०० कॅलरीत बसायचं ठरवलं होतं, आणि काटा जागचा हलत नव्हता. रविवारी जावई कोशा मांग्शो करतो. ज्यांनी खाल्लं नसेल त्यांना सांगतो, मोहरीच्या तेलात कांदा आणि मटण तासन्‌तास परतत, आटवत करायचं, काळपट तपकिरी होईपर्यंत. श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या नाक्यावरचं गोलबाडी त्यासाठी प्रसिद्ध आहे. मी वहीत लिहायचो, मटण दीडशे ग्रॅम, १६५ कॅलरी. मनात म्हणायचो, बघा, मटण किती हलकं.

एका रविवारी कढईत पडणारी प्रत्येक गोष्ट मोजली. मटण अर्धा किलो, म्हणजे मांस ३७० ग्रॅम, ४०० कॅलरी. कांदा तीनशे ग्रॅम, १२०. दही शंभर ग्रॅम, ६०. बटाटे दोनशे ग्रॅम, १५५. बंगाली हाताची चिमूटभर म्हणून पडलेली चमचाभर साखर, २०. आणि मोहरीचं तेल १०० मिलिलिटर. त्याचं वजन ९१ ग्रॅम, कॅलरी ८२०. मांसाच्या दुप्पट! एकूण १५७५. जेवणारे तिघं. माझ्या वाट्याला सव्वापाचशे, आणि वहीत १६५. लुच्या अजून मोजलेल्याच नाहीत.

भाजताना, तंदुरीत, चरबी ठिबकून खाली जाते. रश्श्याच्या पातेल्यातून काही कुठे जात नाही. मांसाची चरबी सुटली तरी रश्श्यात, तेल घातलं तेही रश्श्यात, प्रोटीनचा थोडा अंशही रश्श्यात. नागपूरचं सावजी असो, कोल्हापूरचा तांबडा असो, वर तरंगणारी तर्री म्हणजे ग्रॅममागे ९ कॅलरी. ती चमच्याने काढून ठेवलीत तर हिशोबातूनही वजा करा, अवश्य. आमच्याकडे जावयाला ते पटत नाही.

म्हणून आता मी लंगरची पद्धत वापरतो. रिकामं पातेलं एकदा काट्यावर ठेवून त्याचं वजन बुडावर रंगाने लिहून ठेवलं आहे. जे आत पडणार ते कच्चं असतानाच मोजायचं, तेलाची बाटली आधी आणि नंतर काट्यावर ठेवायची, सगळ्यांच्या कॅलरीची बेरीज करायची. कच्च्या मांसाचं वजन हाडाचा पाव भाग वजा करून धरायचं. बकऱ्याला हे साधारण जमतं. शिजल्यावर भरलेलं पातेलं मोजायचं, रिकाम्याचं वजन वजा करायचं. समजा रस्सा आणि मांस मिळून बाराशे ग्रॅम भरलं आणि तुमच्या वाटीत तीनशे आलं, तर एकूण कॅलरीचा चौथा हिस्सा तुमचा. प्रोटीनसाठी मात्र ही पद्धत पुरत नाही. एकाच्या वाटीत तुकडे, दुसऱ्याच्या वाटीत नुसता रस्सा, असं होतं. ज्याला प्रोटीन मोजायचं आहे त्याच्या ताटातलं मांस सुटं करूनच वजन करावं लागतं. सोपं नाही, पण आठवडाभर केलं की नजर तयार होते. मग काटा फडताळात गेला तरी चालतो.

इथल्या तिरेटी बाजारात रविवारी सकाळी चिनी नाश्ता मिळतो, पोर्कचे बाव आणि सॉसेज. तिथे लेबल वगैरे काही नाही. तिथे मी मोजत नाही. एवढी मोकळीक मी घेतली आहे.

एक सूचना, ती डॉक्टरांची आहे, माझी नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रोटीन आपल्या मनाने वाढवू नये. धडधाकट प्रौढ माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतं असं राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशी सांगतात. आमच्या हिला जास्त सांगितलं ते ऑपरेशनमुळे आणि वयामुळे.

तिचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. त्या मुलीने काही औषध दिलं नाही. वाटीतलं मांस सुटं करून सत्तरचं शंभर ग्रॅम केलं, त्याचे २६. दोन अंडी वाढवली, १२. संध्याकाळी पन्नास ग्रॅम छाना, इथे गल्लीत ताजा मिळतो, ९. आधीचे २२ होतेच. एकूण ६९. तीन महिने लागले. मग एका सकाळी मी चहा घेऊन आलो तर ही खुर्चीतून हात न टेकता उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, ‘अहो, व्यायाम मी तेव्हाही करत होते.’

रजिस्टर आता तिच्याकडे आहे. माझ्या रकान्यात तेल वेगळं लिहिते, आणि रविवारी संध्याकाळी माझ्याकडून सही करून घेते. सध्या मी ७८ किलो आहे.

पुढच्या भागात मासे. इलिशच्या चरबीवरून आमच्या घरात जे रण माजलं होतं, ते सांगेन. जय हिंद.